लिगामेंटच्या ऑपरेशननंतरची वीस वर्षं

सोयाबीनची सोंगणी आटोपली आणि कापसाच्या वेचण्या लागल्या, की कारंजा लाडच्या आसपासच्या गावांत दोन गोष्टींना जोर चढतो. एक कबड्डीचे खुले सामने आणि दुसरी पोलीस भरतीची तयारी. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर, आणि त्या काही मिनिटांवर घराचं पुढच्या तीस वर्षांचं गणित अवलंबून असतं. गुडघ्याचं लिगामेंट तुटतं ते बहुतेकदा याच वयात. चढाईला गेलेल्या खेळाडूचा पाय मातीत रोवलेला असतो, घोटा कोणीतरी पकडलेला असतो, आणि धड मात्र मध्यरेषेकडे वळतं. आतून ‘फट्’ असा आवाज येतो आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म सुजतो. मोटारसायकल घसरताना पाय टेकवून ती सावरण्याच्या नादातही नेमकं हेच होतं. मग मालिश, मग बेल्ट, मग महिना-दोन महिन्यांनी अकोल्याला किंवा अमरावतीला एमआरआय, आणि शेवटी दुर्बिणीचं ऑपरेशन. दोनेक आठवड्यांत टाके निघतात आणि घरच्यांच्या मते विषय संपतो. तो संपत नाही, हे मला इथे पुराव्यानिशी मांडायचं आहे. बाविसाव्या वर्षी लिगामेंट बसवून घेतलेला माणूस चाळिशीत कसा चालेल, हे ऑपरेशनच्या टेबलावर थोडंच ठरतं. दुखापतीत गुडघ्यातल्या गादीचं काय झालं आणि नंतर मांडीत किती ताकद परत आली, या दोन गोष्टी ते ठरवतात. पहिली गोष्ट पुष्कळदा आपल्या हाती नसते. दुसरी बऱ्याच अंशी असते, आणि आपल्याकडे दुर्लक्ष होतं ते तिच्याचकडे.

आधी आतली रचना पाहू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे, सांध्याच्या अगदी मधोमध, दोन लिगामेंटं एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. त्यांतलं पुढचं म्हणजे एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवलेला असताना गुडघा आतून पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. ते पूर्ण तुटलं की तुटलेली टोकं सांध्यातल्या द्रवात सुटी पडतात आणि क्वचितच आपोआप नीट जुळतात. म्हणून सर्जन ती टोकं शिवत बसत नाहीत. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूंचे दोर काढून, त्यांची घडी घालून, दोन्ही हाडांत भोकं पाडून ते नव्यानं ओवतात. हा नवा दोर पहिल्या दिवशी चांगला मजबूत असतो. पण तो जिवंत राहण्यासाठी शरीराला त्यात रक्तवाहिन्या घालाव्या लागतात, जुने तंतू मोडून नवे विणावे लागतात. या उलाढालीत दोर आधी कमजोर होतो आणि मग सावकाश घट्ट होतो. तो सर्वांत नाजूक असतो साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, आणि पूर्ण रुळायला एक वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. अडचण अशी, की दुखणं आणि सूज नेमकी याच दीड-तीन महिन्यांत ओसरते. माणसाला बरं वाटू लागतं, काठी सुटते, गाडी चालवता येते, आणि आतला दोर तेव्हा सगळ्यांत कच्चा असतो. गुडघ्याच्या बाबतीत ‘आता काही दुखत नाही’ या वाक्यावर विसंबू नये, ते यासाठी.

दोर रुळला, गुडघा घट्ट झाला, तरी पुढे काय? स्टीफन लोमँडर या स्वीडिश संशोधकानं सहकाऱ्यांसह २००७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी सरासरी निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत गुडघ्याची झीज आणि तिच्यासोबतची वेदना व अडचण गाठते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी, २००४ मध्ये, याच गटानं एसीएल तुटलेल्या स्वीडनच्या महिला फुटबॉलपटूंना दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासलं होतं. सरासरी वय होतं अवघं ३१. ज्यांचे एक्स-रे काढले त्यांतल्या ५१ टक्के जणींच्या गुडघ्यात झीज निश्चित म्हणावी इतकी होती. त्यांतल्या साठ टक्क्यांहून थोड्या अधिक जणींचं लिगामेंट ऑपरेशन करून बसवलेलं होतं, आणि झीज होण्या-न होण्यात ऑपरेशनमुळे काही फरक पडलेला दिसला नाही. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं या एकच गोष्टी नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. झिजलेला गुडघा घेऊन आरामात चालणारी माणसं पुष्कळ असतात. तरीही एकतिसाव्या वर्षी साठीतल्यासारखा गुडघा वाट्याला येणं ही गंभीर बाब आहे, आणि ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला ती आधीच सांगितली गेली पाहिजे. कारणही समजण्यासारखं आहे. लिगामेंट तुटतं त्या क्षणी दोन्ही हाडं एकमेकांवर आदळतात, त्यांना आतून मुका मार बसतो, सांध्यात रक्त साचतं, आणि त्या दाहातली रसायनं हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला इजा करू लागतात. ही प्रक्रिया अपघाताच्या दिवशीच सुरू झालेली असते. महिनाभरानं बसवलेला दोर तिला मागे नेऊ शकत नाही.

आता गादीकडे वळू. आपल्याकडे ‘गादी फाटली’ म्हणतात ती ही चंद्रकोरीच्या आकाराची, रबरासारखी चकती. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. मांडीच्या हाडाचं टोक गोलसर आणि नडगीचा माथा सपाट, म्हणजे गोल गोट्याखाली पाट ठेवावा तसं. गादी मधली पोकळी भरून काढते आणि अंगाचं ओझं पसरवते. ती काढून टाकली तर तेवढंच वजन लहानशा जागेवर येतं. गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढे कोणते बदल दिसतात, हे फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं १९४८ मध्येच एक्स-रेवरून दाखवलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं फाटलेली गादी ही बिनकामाची वस्तू समजून काढून टाकली जात होती. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चित्र आणखी नेमकं झालं. फक्त एसीएल तुटलेल्या गुडघ्यांत दहा वर्षांहून अधिक काळानंतर झीज आढळली शून्य ते १३ टक्क्यांत, आणि सोबत गादीही फाटलेली असेल तर २१ ते ४८ टक्क्यांत. म्हणजे वीस वर्षांनंतरचं दुखणं लिगामेंटपेक्षा गादीशी जास्त बांधलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या स्टीपलचेस शर्यतीत कोसळला, तेव्हा त्याचं एसीएल आणि गादी दोन्ही दुखावलं. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. लोकांच्या लक्षात राहिलं ते लिगामेंट. पण ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्या त्या पायांची पुढची वर्षं ठरवण्यात गादीचा वाटाही तितकाच मोठा आहे. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न ‘लिगामेंट कुठलं बसवणार’ हा नसावा. ‘गादी शिवता येईल का, की कापावी लागेल’ हा असावा. शिवलेली गादी भरायला वेळ घेते, तोवर काही आठवडे पायावर पूर्ण भार टाकायला आणि काही महिने उकिडवं बसायला मनाई असते. हा वेळ द्यायला हवा.

यावर कोणी म्हणेल, की ऑपरेशन झीज थांबवत नसेल तर लाखभर रुपये घालवायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याचा आधी फक्त व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर ऑपरेशन. २०१० मध्ये दोन वर्षांचे आणि २०१३ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले, तेव्हा दोन्ही गटांची वेदना, कामाची क्षमता आणि एक्स-रे यांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र व्यायामाच्या गटातल्या निम्म्या लोकांनी पाच वर्षांत शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं. या निकालातून ‘ऑपरेशन निरुपयोगी’ असा अर्थ काढणं चूक आहे आणि ‘एमआरआयमध्ये तुटलेलं दिसलं की लगेच टेबलावर’ हेही चूक आहे. ज्याचा गुडघा पायऱ्या उतरताना, धुऱ्यावरून चालताना, वळताना निसटतो, त्याला ऑपरेशन हवं, कारण प्रत्येक निसटण्यात गादी चिरडली जाते. असे निसटणारे गुडघे घेऊन वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांच्या गाद्या जास्त फाटलेल्या सापडतात, हे सर्जन रोज पाहतात. आपल्याकडे घात होतो तो इथेच. सूज उतरली म्हणून हंगाम काढला जातो, मग दुसरा हंगाम, आणि तोवर एकट्या लिगामेंटची दुखापत लिगामेंट-अधिक-गादीची होऊन बसते. कबड्डीत परत जायचं असेल त्याला ऑपरेशनचा आधार हवाच. गुडघा निसटत नसेल, काम सरळ रेषेतलं असेल, तर तीन महिने नेटानं व्यायाम करून मग ठरवणं यात काही गैर नाही. दोन्ही वाटांवर व्यायाम मात्र सारखाच अटळ आहे, आणि त्या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच बाब.

व्यायाम म्हणजे प्रामुख्यानं मांडीच्या पुढच्या स्नायूचा. टाच जमिनीवर आपटते तेव्हाचा धक्का आधी हा स्नायू झेलतो, उरलेला सांध्यापर्यंत जातो. तो दुबळा असेल तर सगळा मार कूर्चेवर. आणि गुडघा दुखावला की नेमका हाच स्नायू वितळतो, तोही नुसत्या विश्रांतीमुळे नाही. सांध्यात पाणी भरलं की पाठीच्या कण्यातूनच या स्नायूचा हुकूम अडवला जातो. निरोगी गुडघ्यात मुद्दाम मिठाचं पाणी सोडून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की २० ते ३० मिलीलीटर म्हणजे चार-सहा छोटे चमचे पाणीसुद्धा मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला गप्प करायला पुरतं. माणूस मनापासून जोर लावतो, तरी स्नायू पूर्ण आवळत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात बर्फ, पाय उंच ठेवणं आणि सूज उतरवणं या गोष्टी आरामासाठीच्या वाटल्या तरी त्या ताकदीच्याच आहेत. मांडी किती उतरली हे पाहायला शिंप्याची टेप पुरते. दोन्ही पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा. ऑपरेशन झालेल्या पायाचा आकडा दीड-दोन सेंटिमीटरनं कमी असेल, तर तो पाय अजून तयार नाही. टेप स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही, त्यामुळे आकडे बरोबरीचे आले म्हणून ताकदही बरोबरीची झाली असं समजू नये. त्यासाठी साध्या खुर्चीवर बसून, हात छातीशी बांधून, एकाच पायावर उठून पाहावं. चांगल्या पायावर पंधरा वेळा उठता येतं आणि दुसऱ्यावर सहा वेळाच, तर उत्तर समोर आहे.

याच्याइतकीच महत्त्वाची आणि जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे, कारण मांडी घालायची असते. पण जो गुडघा चार-पाच अंश वाकलेलाच राहतो, तो चालताना कधीच विसावत नाही. मांडी सतत ताणलेली, वाटीमागे सतत दाब. डोनाल्ड शेलबॉर्न या अमेरिकन सर्जननं आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं आहे, की ज्यांचा गुडघा सरळ व्हायचा राहून गेला त्यांच्यात पुढे झीज अधिक दिसते. याची तपासणी घरच्या खाटेवर होते. खाटेवर पालथं झोपायचं, गुडघ्यांखालचे पाय कडेबाहेर लोंबू द्यायचे आणि कोणाला तरी दोन्ही टाचांची उंची बघायला सांगायचं. एक टाच जितके सेंटिमीटर वर, साधारण तितके अंश गुडघा सरळ व्हायचा राहिला. पहिल्या सहा आठवड्यांत हा फरक घालवणं सोपं असतं. पुढे आतली खपली कडक होते आणि मग तेवढ्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायची माया घरोघरी केली जाते, कारण तसं बरं वाटतं. त्या उशीमुळे सरळ होणं लांबतं. उशी टाचेखाली ठेवावी.

मैदानात परत कधी जायचं, यावर सर्वांत जास्त घाई होते. ‘स्मृती मानधना पाच महिन्यांत परतली ना,’ असं सांगितलं जातं. खरंच परतली. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सांगलीच्या या मुलीच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, आणि २४ जूनला डर्बीच्या मैदानावर विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिनं इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या. त्या जिद्दीला सलामच. पण तिच्या एका खेळीवरून आपण नियम बनवू शकत नाही. रोजची देखरेख करणारी माणसं तिच्याभोवती होती, आणि फलंदाजीत घोटा धरून कोणी खाली खेचत नाही. मोटार अपघातानंतर ऋषभ पंतचं लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत झालं, तो सामना खेळला मार्च २०२४ मध्ये. त्याची दुखापत जास्त मोठी होती हे खरं, पण सर्व साधनं हाताशी असूनही चौदा महिने वाट पाहिली गेली. आकडे काय सांगतात? डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. झेपा आणि वळणांच्या खेळात परतलेल्यांपैकी ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करताच गेलेल्या ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. पार करून गेलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होतं. नमुना लहान आहे, पण फरक इतका मोठा आहे की डोळेझाक करता येणार नाही. चाचणी अशी, की एका पायावर मारलेली उडी दुसऱ्या पायाच्या उडीच्या निदान ९० टक्के पडली पाहिजे. त्यातही एक मेख आहे. सहा-आठ महिने घरी बसून चांगला पायही दुबळा झालेला असतो, तेव्हा त्याच्याशी बरोबरी झाली म्हणजे सगळं आलं, असं नाही. पंचविशीच्या आतले जे खेळात परततात त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या हिश्शाचं, याच नाही तर दुसऱ्या पायाचं, एसीएल पुन्हा तुटतं. भरतीची तारीख गुडघा ठरवत नाही, हे मान्य. पण सरळ धावणं आणि कबड्डी यांत फरक आहे. बळ परत आलेला, न सुजणारा गुडघा चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हळूहळू सरळ धावू शकतो. एक भरती हुकण्याचं दुःख मी लहान मानत नाही. दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा मात्र पुढच्या सगळ्याच भरत्या हिरावून नेतो.

‘इतका व्यायाम केला तर राहिलेला गुडघाही झिजेल’ हा आक्षेप सर्वांत चिवट आहे, कारण तो रोजच्या अनुभवातून येतो. बैलगाडीचा आस झिजतो, टायर झिजतं, मग गुडघा का नाही? कारण आस मेलेलं लोखंड आहे आणि कूर्चा जिवंत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी तिच्यावर भार यावा आणि सुटावा लागतो. स्पंज दाबला आणि सोडला की पाणी खेळतं, तसं. पाय हलवलाच नाही तर कूर्चा उपाशी राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेनं धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याची किंवा गुडघ्याची झीज होती, बसून असणाऱ्यांपैकी १०.२ टक्क्यांना, आणि स्पर्धांसाठी अतोनात धावणाऱ्यांपैकी १३.३ टक्क्यांना. मर्यादेत वापरलेला सांधा टिकतो. न वापरलेला आणि ओरबाडलेला, दोन्ही बिघडतात. वऱ्हाडाला तर हे परकं वाटू नये. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. जोर-बैठका हा इथल्या आखाड्यांचा रोजचा रतीब होता. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला पूर्ण बैठक सुरुवातीला चालत नाही, पण भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, पुढे भिंतीशिवाय, पुढे खांद्यावर गव्हाचं लहान पोतं घेऊन, आणि शेवटी एका पायावर, हा क्रम कुठल्याही यंत्राशिवाय पार पडतो. अट एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसावा. सुजला तर कालचा भार जास्त झाला, दोन पायऱ्या खाली यायचं.

हे सगळे अभ्यास स्वीडन-नॉर्वे-अमेरिकेचे, आपल्या लोकांना कसे लागू होणार, असंही विचारलं जाईल. तिथल्या रुग्णांवर प्रशिक्षित फिजिओची देखरेख होती. तरी ही स्थिती, मग टाके काढून घरी गेलेल्या आपल्या मुलांची बरी असेल असं मानायला आधार काय? आणि आपल्या गुडघ्याकडून आपण मागतो ते तिथे कोणी मागत नाही. कारंज्याच्या गुरुमंदिरात पोथी ऐकायला मांडी घालून बसायचं, जैन मंदिरात वंदनेला गुडघे टेकायचे, नमाजात टाचांवर बसायचं, आणि सर्वांत भारी म्हणजे सोंगणी. विळा हातात घेऊन सोयाबीनच्या ओळीत उकिडवं बसलेली बाई दिवसभर त्याच वाकलेल्या गुडघ्यांवर पुढे सरकत जाते. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्यात विळा, आणि सगळं वजन गादीच्या मागच्या टोकावर. तासन्‌तास उकिडवं बसण्याचं काम आणि गुडघ्याची झीज यांचा संबंध अभ्यासांतून प्रस्थापित झालेला आहे. म्हणून ‘जन्मभर खाली बसू नका’ असं कोरडं फर्मान काढायचं का? ते पाळलं जाणार नाही, आणि बरा झालेला गुडघा खाली बसूच शकत नाही असंही नाही. सहा महिन्यांनंतर, गादीची स्थिती बघून, अधूनमधून मांडी घालायला बहुतेकांना हरकत नसते. टाळायचं आहे ते तासन्‌तास, रोज, न उठता बसणं. सोंगणीत दर दोन ओळींनी उभं राहणं, बसून करायच्या कामाला बूड टेकेल इतक्या उंचीचं स्टूल किंवा पाट, उभं राहून करता येणारी वेचणी वाटून घेणं, हे बदल घरातल्यांनी ठरवले तर होतात. घरात एकाचं ऑपरेशन झालं असेल तर कामाची वाटणी बदलणं हा औषधाचाच भाग आहे.

वजनाचं थोडक्यात सांगतो. झिजलेल्या गुडघ्यांवरच्या २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की अंगाचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. खेळ सुटतो, जेवण तेवढंच राहतं, आणि वर्षभरात आठ-दहा किलो चढतात, ही ऑपरेशननंतरची फार नेहमीची गोष्ट आहे. ‘ग्रीस’ची इंजेक्शनं आणि ग्लुकोसामिनच्या गोळ्या यांवर मात्र पैसा घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या चाचण्यांत त्यांचा फायदा औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळी-इंजेक्शनाहून फारसा वेगळा दिसलेला नाही. त्या पैशांत फिजिओकडच्या दहा फेऱ्या होतील.

आणि फेऱ्या हाच खरा अडसर आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ कारंज्याहून साठ ते ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून नागपूरही दोन-अडीच तासांवर आलं. एका दिवसाचं ऑपरेशन त्यामुळे जवळ आलं, तीस दिवसांचा व्यायाम आला नाही. रोजंदारीवरच्या माणसानं आठवड्यातून दोनदा दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं सोडून मांडी घट्ट करायला जावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून ती जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. सर्जननं व्यायामाचा कागद मराठीत, चित्रांसह द्यावा. फिजिओनं महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या काळात फोनवर व्हिडिओ बघून चुका सांगाव्यात. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आणि कबड्डीचे प्रशिक्षक टेप आणि खुर्चीची चाचणी अर्ध्या दिवसात शिकू शकतात. मुलांना रोज भेटतात ते हेच लोक, आणि ‘अजून दोन महिने थांब’ हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर मुलं ऐकतात. डिस्चार्ज कार्डावर आज टाके काढण्याची तारीख असते. तिच्याखाली आणखी काही तारखा लिहायला जागा आहे: सहाव्या आठवड्यात दोन्ही टाचा एका उंचीवर आल्या का, तिसऱ्या महिन्यात दोन्ही मांड्यांचा घेर किती, नवव्या महिन्यात एका पायावरची उडी किती लांब, आणि त्यापुढे दर वर्षी, सोंगणीच्या आधी, पुन्हा एकदा तीच टेप आणि तीच खुर्ची.